पहिली जुनी थार घेताय? आधी खाली वाका

2010 ते 2020 मधली सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल इंजिनाची) महिंद्रा थार बघताय म्हणजे निवड चांगली आहे. फक्त मोठे टायर आणि बंपरला भुलू नका. मी भुललो होतो. नंतर चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) वेल्डिंगला पैसे ओतले. गाडी कोकणातली असेल तर खाऱ्या हवेने गंजलेली असू शकते, टॉर्च घेऊन खाली झोपाच. ताजा काळा रंग मारलेला दिसला की गंज लपवल्याचा संशय घ्या.

- इंजिन थंड असताना स्वतः स्टार्ट करा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.
- मातीत फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग), फोर-लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग, जास्त जोर) दोन्ही टाकून बघा. कित्येकांनी तो फोर-व्हीलचा दांडा वर्षानुवर्षं हलवलेलाच नसतो.
- दिल्लीकडची स्वस्त गाडी? एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरूनच हिशेब करा.

घेतल्यावर नवशिके हमखास कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून फिरतात. या गाडीत मधला डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. डांबरावर टू-हायच (फक्त मागच्या चाकांना ताकद).

स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप), विंच (अडकलेली गाडी ओढणारा दोर-रहाट) पुढच्या वर्षी. आधी सगळी ऑइलं, फिल्टर बदला आणि एक पावसाळा आहे तशीच चालवा.