क्वार्टर नोट म्हणजे पाव मात्रा का?

परभणीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ते गावच्या भजनात पेटी वाजवतात आणि आता मुलीसोबत कीबोर्ड शिकतायत. पुस्तकात ‘क्वार्टर नोट : एक मात्रा’ असं दिलंय. क्वार्टर म्हणजे पाव, मग ती एक मात्रा कशी? आणि छंदात गुरू अक्षराच्या दोन मात्रा मोजतात, ती मात्रा हीच का?

पुस्तक बरोबर आहे. घोळ होतो तो ‘पाव’ कशाचा हे न सांगितल्यामुळे. चतकोर म्हटलं की आपल्याकडे भाकरीचा, हे सांगावं लागत नाही. पाश्चात्त्य स्वरलिपीत ती अख्खी भाकर म्हणजे सेमिब्रीव्ह, बिनदांडीचं पोकळ अंडाकृती चिन्ह. त्याचा अर्धा मिनिम. तोही पोकळ, पण दांडीचा. पाव म्हणजे क्रॉचेट, भरीव आणि दांडीचा. हीच तुमची क्वार्टर नोट. दांडीला एक शेपटी आली की क्वेव्हर, म्हणजे आठवा भाग; दोन आल्या की सोळावा.

ही नावं फक्त अख्ख्या स्वराचे वाटे सांगतात. मात्रा कोणाला धरायची हे सुरुवातीला एकाखाली एक लिहिलेल्या दोन आकड्यांपैकी खालचा आकडा सांगतो. तिथे 4 असेल तर क्रॉचेटची एक मात्रा, सेमिब्रीव्हच्या चार. वर 6 आणि खाली 8 असेल तर मोजणी क्वेव्हरने होते. सहा मात्रांचा दादरा ताल असा लिहिला तर धा, धी, ना यांना प्रत्येकी एक क्वेव्हर मिळेल आणि तोच क्रॉचेट तिथे दोन मात्रांचा होईल. म्हणून मी ‘पाव स्वर’ म्हणतो. ‘पाव मात्रा’ हा शब्द आपल्या तबल्यात आधीच कामाला लागलेला आहे, तो अडवू नये.

एकतालाचा ठेका म्हणून पाहा : धिं धिं धागे तिरकिट. पहिला धिं पूर्ण मात्रेचा, धागेमधलं प्रत्येक अक्षर अर्ध्या मात्रेचं. ति, र, कि, ट ही चारही एका मात्रेत बसतात, म्हणजे खरी पाव मात्रा ही. खाली 4 असलेल्या लेखनात धिं क्रॉचेट होईल, तर ‘ति’ सोळावा. आपल्याकडच्या भातखंडे स्वरलेखन पद्धतीत असे एका मात्रेतले स्वर किंवा बोल खाली कंस काढून एकत्र बांधतात. तिथे चिन्हाचा आकार बदलत नाही, मात्रेचं घर दिसतं. पेटीवाल्या माणसाला हे सोपं जातं, असं माझं मत आहे.

मात्रा सेकंदात मात्र बांधलेली नसते. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवला तर मात्रा एक सेकंदाची, 120 वर अर्ध्या सेकंदाची.

आता छंदाचं. लघूची एक, गुरूच्या दोन, म्हणून ‘राम’च्या तीन मात्रा. ही उच्चाराची मोजणी झाली, तालाची नव्हे. शिवाय तुम्ही गाता तो अभंग अक्षरं मोजून रचलेला असतो. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत 6, 6, 6, 4 अक्षरं येतात. त्यामुळे ‘राम’मधला लघु ‘म’ चालीत चार मात्रा लांबवला तरी छंद मोडत नाही. भातखंडे पद्धतीत शब्दांच्या ओळीत तो ‘म ऽ ऽ ऽ’ असा लिहितात, आणि वर स्वरांच्या ओळीत स्वरापुढे तीन आडव्या रेघा येतात.