लाइट आली म्हणून मॅच सोडणारा पोऱ्या

कारे भो,

तुझे परवा रात्री दीड वाजताचे आठ व्हॉइस मेसेज सकाळी दुकान उघडता उघडता ऐकले, त्यातले तीन तर नुसत्या शिव्याच होत्या, ते जाऊ दे. मला कळलं ते एवढंच की बीजीएमआयमधे, म्हणजे पब्जीच्या भारतातल्या गेममधे, इरँगल मॅपच्या शेवटच्या झोनमधे तुम्ही चौघं जिवंत, समोर एकच स्क्वॉड, आणि तुझा तो रावेरकडचा दोस्त मधेच पुतळ्यासारखा उभा, हलेना ना बोलेना, तुम्ही सगळे मेले, रँकचे पॉइंट गेले, आणि अर्ध्या तासानं तो म्हणे की शेताची थ्री फेज लाइट आली होती, मोटर चालू करायला वावरात पळालो. मग तू त्याला ग्रुपमधून काढलं, वरून लिहिलं की कॅज्युअल, म्हणजे टाइमपास खेळणाऱ्या, लोकांनी लुडो खेळावं, आणि आता मला विचारून राहिला की काका बरोबर केलं ना.

नाही केलं. पण आधी मनसोक्त हसलो मी, खरं सांगतो. वीस वर्षात लाइट गेली म्हणून गेम सोडणारे शेकड्यानं पाहिले, लाइट आली म्हणून सोडणारा हा पहिलाच.

आता तुझा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. क्लासिक मॅच म्हणजे अर्धा तास, तिघांचा मिळून दीड तास त्यानं मातीत घातला आणि एक शब्द न सांगता. सांगून जायचं होतं, दोन सेकंद लागतात माइकवर "गेलो" म्हणायला. तेवढं त्याला ऐकव, तो हक्क आहे तुझा. पण "कॅज्युअल" हा शब्द तू शिवीसारखा वापरला ना, तिथं माझं डोकं फिरलं. अरे तो पहाटे केळीच्या कापणीला जातो, दिवसभर घड वाहतो, गाडी भरतो, रात्री जेवण झाल्यावर त्याला एक तास मिळतो, आणि तोही थ्री फेज कधी येते त्याच्यावर. मे महिन्यात केळीला एक पाणी चुकलं तर काय होतं ते तुला माहिती नाही, कारण तुझ्या बापानं शेत विकून जळगावात फ्लॅट घेतला. एसीत बसून चार बोटांनी खेळायचा क्लॉ सोपा आहे भो. त्याचा फोन पत्र्याच्या घरात तापतो, तापला की प्रोसेसर आपोआप स्लो होतो, फ्रेम पडतात, आणि तू म्हणतो त्याचा रिफ्लेक्स कमी आहे. तो ओलं फडकं फोनच्या मागं लावून खेळतो हे तुला माहिती होतं का? मला त्यानंच सांगितलं, स्क्रीन बदलायला आला होता तेव्हा.

मी पण तुझ्यासारखाच होतो म्हणून सांगतो. भुसावळला स्टेशनजवळ माझा कॅफे होता, सहा पीसी, तासाला 15 रुपये, संध्याकाळी लॅनवर, म्हणजे सगळे पीसी जोडून, बंदुकीचा काउंटर स्ट्राइक 1.6, डस्ट टू चा मॅप आम्हाला आपल्या गल्लीपेक्षा जास्त पाठ. आम्ही स्वतःला फार ग्रेट समजायचो. एक रेल्वेवाला यायचा, चाळिशीचा असेल, ड्युटी संपली की डबा हातात तसाच, तीन नंबरचा पीसी मागायचा आणि व्हाइस सिटी लावायचा, तो गाड्या चोरायचा, मारामारी करायचा गेम. मिशन फारशी करायचा नाही. मोटरसायकलवर बसायचा, रेडिओ लावायचा आणि बीचच्या रस्त्यानं हळूहळू फिरायचा, सिग्नल लाल असला की थांबायचा! त्या गेममधे सिग्नलला थांबणारा माणूस, आम्ही मागं उभे राहून पोट धरून हसायचो. मग मी एक नियम काढला की सहा ते दहा फक्त लॅनवाले, बाकीच्यांनी सकाळी यावं. सकाळी त्याची ड्युटी असायची. तो काही बोलला नाही, डबा उचलला आणि गेला.

त्याची एक छोटी वही काउंटरच्या खणात राहिली होती, दर वेळी ठेवून जायचा. दोनतीन महिन्यांनी खण साफ करताना उघडून पाहिली. व्हाइस सिटीत 100 पुड्या लपवलेल्या असतात, दर दहा पुड्यांना एक नवीन बक्षीस मिळतं, बहुतेक हत्यारंच, आमच्यातल्या एकानंपण त्या कधी पूर्ण शोधल्या नव्हत्या, नेटवरून लिस्ट काढली तरी कंटाळा यायचा. त्या माणसानं त्या स्वतः शोधल्या होत्या. एक ते शंभर आकडे, सापडलेल्या प्रत्येकासमोर जागा, "पुलाखाली डाव्या हाताला", "हॉटेलच्या गच्चीवर, मागच्या जिन्यानं", असं सगळं बारीक अक्षरात, रेल्वेवाले रजिस्टर भरतात तसं. 97 पुड्यांसमोर टिक होती. तीन राहिल्या होत्या. आणि तीन नंबरचा पीसी तोपर्यंत मी फॉरमॅट मारून बसलो होतो, व्हायरस आला म्हणून.

आता सांग त्याच्यात हार्डकोअर, म्हणजे अट्टल खेळाडू, कोण होतं.

रिचर्ड बार्टल म्हणून एक इंग्रज माणूस आहे, 1978 मधे एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ नावाच्या दोस्तानं मड नावाचा गेम लिहायला घेतला, नुसत्या अक्षरांचा, चित्र नाही काही नाही, पण एकाच वेळी बरेच जण त्यात खेळायचे, आणि बार्टलनं तो पुढं नेला. त्यानं 1996 मधे एक लेख लिहिला की खेळणारे चार प्रकारचे असतात आणि गंमत म्हणजे त्यानं त्यांना पत्त्यांची नावं दिली. चौकटवाले म्हणजे पॉइंट, लेव्हल, रँक, खजिना गोळा करणारे. इस्पीकवाले खोदणारे, कारण इंग्रजीत इस्पीकला जो शब्द आहे त्याचा अर्थ फावडं पण होतो, त्यांना मॅपचा कोपरा न कोपरा पाहायचा असतो. बदामवाले गप्पा मारायला, माणसं भेटायला येतात. आणि किलवरवाले, इंग्रजीत त्याला क्लब म्हणजे सोटा म्हणतात, समोरच्याला हाणल्याशिवाय ज्यांना मजा येत नाही ते. (आपल्याकडं किलवरच्या नावातच किल आहे, बार्टलला हे माहिती असतं तर खुश झाला असता.) माझा रेल्वेवाला पक्का इस्पीक होता. तू चौकट, थोडा किलवर. आणि तुझा दोस्त रात्री एक तास येतो तो बदाम आहे, दिवसभर वावरात कुणाशी धड बोलायला मिळत नाही म्हणून येतो, चिकन डिनर मिळालं, म्हणजे मॅच जिंकली, तर ठीक, नाही मिळालं तरी "झोपा आता" म्हणून हसत जातो. तू त्याला चौकटच्या मापानं मोजतो आणि म्हणतो कमी आहे.

हे आपल्या लोकांना खरं तर शिकवायची गरजच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाकडं बघ ना. पोरीबाळी झोक्यावर, आणि माणसं पारावर, ओट्यावर, लिंबाखाली, जिथं सावली तिथं पत्ते. एकच डाव चालू असतो पण एक जण पान पान लक्षात ठेवतो, एक नुसता चहासाठी बसलेला, एक जण वर्षभरानं पुण्याहून आलेल्या भावाशी बोलायला बसलाय आणि पानं उलटी धरलीत, आणि एखादा झन्नामन्नाचा, म्हणजे पत्त्यांच्या जुगाराचा, किडा, जो खिसा रिकामा झाल्याशिवाय उठत नाही. त्या पान लक्षात ठेवणाऱ्यानं कधी चहावाल्याला पारावरून उठवलं का? उठवायचं असेल तर त्या किड्याला उठवतात, तेपण त्याची बायको येऊन. (पैसे लावून मोबाईलवर खेळणं तर 2025 च्या ऑगस्टमधे कायद्यानंच बंद झालं, बरं झालं, आपल्या गल्लीतलेच दोन जण त्यात बुडाले.)

आणि लुडोचं काय बोलला तू? 2020 मधे 2 सप्टेंबरला पब्जी बंद झाली तेव्हा तू आठवीत होता, माझ्या दुकानात येऊन रडला होता, विसरला का? जुलै 2021 मधे बीजीएमआय आली, जुलै 2022 मधे स्टोअरवरून परत गायब, मे 2023 मधे परत आली. त्या पहिल्या गॅपमधे दहा महिने तू काय केलं? घरच्यांसोबत लुडो किंग. तुझ्या आईकडून हरून मोबाईल आपटला होता, स्क्रीन मीच बदलली, साडेअठराशे रुपये.

आईवरून आठवलं, तुझी आई कँडी क्रशमधे चार हजाराच्या पुढच्या लेव्हलला आहे. पाच लाइफ असतात, एक परत यायला अर्धा तास, तिनं म्हणे दिवसाचं टाइमटेबलच तसं बसवलंय, कुकर लावला की दोन, दुपारी पाच, सिरियलच्या ब्रेकला उरलेल्या. रोज, इतकी वर्षं, एक रुपया न भरता. एवढी शिस्त तुझ्या स्क्वॉडमधल्या एकात तरी आहे का. गेम कॅज्युअल असतो, खेळणारा तसा असेलच असं नाही ना. टेट्रिसचं बघ, ठोकळे पडतात, त्याहून सोपा गेम काय असणार, आपल्याकडं जत्रेत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या व्हिडिओ गेममधे पण तोच असायचा. पण निन्टेंडोवरचं 1989 चं टेट्रिस 34 वर्षं कुणाही माणसाला शेवटपर्यंत नेता आलं नव्हतं, आणि डिसेंबर 2023 मधे अमेरिकेतल्या एका 13 वर्षांच्या पोरानं 157 व्या लेव्हलला ते हँग करून दाखवलं, कंट्रोलरच्या मागच्या बाजूला बोटांनी तबला वाजवल्यासारखं वाजवून. फक्त 38 मिनिटांचा गेम होता तो.

उलट पण असतं. आम्ही लहानपणी कॉन्ट्रा खेळायचो, त्याचा कोड पाठ होता, वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी, ए, की तीस लाइफ. जो कोडशिवाय खेळायचा तो गल्लीत स्वतःला दादा समजायचा आणि कोडवाल्यांना बायला म्हणायचा. लई वर्षांनी कळलं की हा कोड ज्यानं बनवला, काझुहिसा हाशिमोटो, तो ग्रेडियस नावाचा गेम 1986 मधे निन्टेंडोसाठी बनवत होता आणि टेस्टिंगला बसला तर त्याला स्वतःलाच तो गेम झेपेना, म्हणून त्यानं स्वतःसाठी ही पळवाट काढली. गेम बनवणाराच नूब, म्हणजे कच्चा! हे त्या गल्लीतल्या दादाला सांगायचं राहून गेलं, तो आता सुरतला असतो.

तर आता करायचं काय. रँक पुश करायचंय ना, कर, मी अडवत नाही, वय आहे तुझं. त्याच्यासाठी चार जण पक्के धर ज्यांचा रात्रीचा वेळ त्यांच्या स्वतःच्या मालकीचा आहे, आणि मॅच सुरू व्हायच्या आधी विचार की अर्धा तास फ्री आहे का, आईनं हाक मारली तर चालेल का. त्यात रावेरवाल्याला घेऊ नको, त्यालाही नको असेल ते टेन्शन. पण रोज जेवणानंतर एक तास त्याच्यासाठी ठेव, लिविक खेळा, छोटा मॅप, पंधरा मिनिटात निकाल, किंवा टीडीएम, म्हणजे दोन टीमची छोटी मारामारी, मधेच मोटर लावायला गेला तरी कुणाचं घोडं मरत नाही. त्या तासात पॉइंट बघायचे नाहीत आणि कॉल, म्हणजे कुणी काय करायचं त्याचे हुकूम, द्यायचे नाहीत, तू कॉल देतोस म्हणजे ओरडतोस, मी ऐकलंय. आणि तू जो रात्री तीन तीन वाजता जागा असतो त्याचं पण बघ. डब्ल्यूएचओच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर म्हणून जे आहे ते तास मोजून ठरत नाही, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही आणि बाकी सगळं मागं पडत चाललंय, असं वर्षभर चालू असेल तर ते. तुझे दोन विषय राहिलेत म्हणून म्हणालो, चिडू नको.

त्याला फोन कर. मेसेज नको, फोन. दुपारी एक ते दोन तो बांधावर बसून जेवतो तेव्हा उचलतो. सॉरी वगैरे म्हणायला तुला जड जाईल, तर नुसतं विचार की मोटर लागली का त्या रात्री. कारण नव्हती लागली, ट्रान्सफॉर्मरचा डीओ फ्यूज उडाला होता, काल दुकानात आला तेव्हा सांगत होता, तू अजून विचारलंच नाही.

आणि आखाजीला दोघं गावी या. पत्ते माझ्याकडं आहेत, जुना जोड, किलवरची दुर्री हरवलीय, तिच्या जागी गुलाबी कागदाचा तुकडा आहे, तो चालवून घ्यावा लागेल.

तुझा
कॅफेवाला काका