परराष्ट्र की विदेश? आणि वकिलात कुठून आली?

वाशीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पेपरात 'परराष्ट्र मंत्रालय' वाचतो, पासपोर्टच्या साइटवर हिंदीत 'विदेश मंत्रालय' दिसतं, मुलाला शाळेत यावर भाषण करायचंय, तर ही दोन वेगळी खाती आहेत का आणि मराठीत कुठला शब्द बरोबर?

ताई, खातं एकच. हिंदीत विदेश, मराठीत परराष्ट्र, एवढंच. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन घेऊन बसतो ना आपण, तेही शेवटी याच मंत्रालयाचं काम. पण मराठीत 'परराष्ट्र' रुळला ते मला फार आवडतं, कारण देश आणि राष्ट्र यात फरक आहे, फिरायला आपण परदेशात जातो, परराष्ट्रात गेलो असं कोणी म्हणत नाही, आणि करार, तह, भांडणं ही सरकारा-सरकारांत होतात, तिथे परराष्ट्रच शोभतो. 'विदेशी' म्हटलं की निम्म्या ठाण्याला आधी दारूच्या दुकानाची पाटी आठवते, ते वेगळंच.

गंमत म्हणजे इंग्रजी नावात फॉरेन नाहीच, एक्स्टर्नल अफेअर्स आहे, म्हणजे बाहेरचे व्यवहार. कंपनी सरकारने 1783 मध्ये कलकत्त्यात फॉरेन डिपार्टमेंट काढलं, पुढे त्याचं फॉरेन अँड पोलिटिकल झालं, आणि पोलिटिकल म्हणजे काय तर संस्थानं! म्हणजे अफगाणिस्तान आणि आपलं कोल्हापूर एकाच खात्याच्या टेबलावर. 1937 मध्ये ते फोडलं, संस्थानं पोलिटिकलकडे गेली आणि देशाबाहेरचं ते एक्स्टर्नल. स्वातंत्र्यानंतर नावाला कॉमनवेल्थ रिलेशन्सचं शेपूट होतं, ते 1949 मध्ये गळलं. नेहरूंनी हे खातं 1964 पर्यंत स्वतःकडेच ठेवलं. मुलाच्या भाषणात मराठी माणूस हवाच असेल तर यशवंतराव चव्हाण घ्या, 1974 ते 77 परराष्ट्रमंत्री होते.

त्याच्याही मागे जायचं तर शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार बघायचा तो डबीर. राज्यव्यवहारकोशाच्या वेळी फारसी नावं काढून संस्कृत नावं दिली तेव्हा डबीराचा सुमंत झाला. 'मंत्री' हे पद तेव्हा वाकनीसाला मिळालं आणि सुरनीसाला 'सचिव', त्यामुळे आजचा परराष्ट्र सचिव शब्दाने सुरनीसाच्या घरातला आणि कामाने सुमंतांच्या. हे भाषणात घालू नका, मुलं गोंधळतील.

आता 'वकिलात'. हा खास आपला शब्द. पेशवाईत दुसऱ्या दरबारात आपला माणूस कायमचा ठेवायचे, त्याला वकील म्हणत. दिल्लीला हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे, हे लोक रोज पत्रं लिहून तिकडच्या बातम्या पुण्याला कळवायचे, म्हणजे राजदूताचंच काम. पुढे इंग्रजी कोर्टं आली, वकील काळा कोट घालून तिकडे गेला, पण वकिलात मात्र दुसऱ्या देशाचं कचेरीघर म्हणून मराठीत टिकली. हिंदीवाल्यांकडे हे नाही, त्यांना दूतावासच म्हणावं लागतं. व्हिसासाठी आपण बीकेसीला जातो त्यालाही लोक सरसकट अमेरिकी वकिलात म्हणतात, काटेकोर बोलायचं तर ते वाणिज्य दूतावास, खरी वकिलात दिल्लीला. आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या राष्ट्रकुलातल्या देशांचा राजदूत नसतो, उच्चायुक्त असतो, तिथे वकिलात लिहिलंत तर पेपरवालेसुद्धा खोड काढणार नाहीत पण बाई मार्क कापू शकतात.

आणि हो, 'परराष्ट्रमंत्री' एकत्र लिहायला सांगा, 'पर राष्ट्र' असं तोडून नको. हिंदी फॉर्मवर विदेश मंत्रालय छापलेलं असेल तर ते तसंच राहू द्या.