छातीतील धडधड आणि क्षणभर सपाट झालेली रेषा

प्रश्न : माझी धाकटी जाऊ ३४ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात भांडी विसळत असताना तिच्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. रामबागेतून रिक्षाने आम्ही तिला जवळच्या रुग्णालयात नेले. तेथे ठोके मिनिटाला १९० भरले. आधी तिला सिरिंजमध्ये फुंकायला लावले, मग शिरेतून इंजेक्शन दिले. त्या क्षणी ती "मी चालले" असे ओरडली आणि पडद्यावरची रेषा दोन-तीन सेकंद सपाट झाली. नंतर ठोके ८० वर आले. असे होईल हे आम्हाला कोणीही आधी सांगितले नव्हते. हे इंजेक्शन धोक्याचे होते का? पुन्हा असे झाल्यास काय करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून ते इंजेक्शन ॲडेनोसिनचे असावे. या प्रकारच्या धडधडीत विद्युत संदेश हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील जोडणीपाशी गोल गोल फिरत राहतो. ॲडेनोसिन ती जोडणी काही सेकंद बंद पाडते आणि फेरा तुटतो. तेवढा वेळ खालच्या कप्प्यांना संदेशच मिळत नाही, म्हणून रेषा सपाट दिसते आणि रुग्णाला जीव चालल्यासारखे वाटते. औषधाचा अंमल दहा-पंधरा सेकंदांतच ओसरतो. त्यामुळेच ते झपकन देऊन मागोमाग सलाईन ढकलतात. आधी ६ मिलिग्रॅम आणि गुण न आल्यास १२. मॉनिटर लावून दिल्यास ते सुरक्षित आहे, मात्र दमा असल्यास आधी सांगायलाच हवे. आपल्याला पूर्वकल्पना द्यायला हवी होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. दोन वाक्यांत ते काम झाले असते.

फुंकण्याचा उपायही नाममात्र नव्हे. १५ सेकंद जोर लावून फुंकल्यावर रुग्णाला लगेच आडवे करून पाय १५ सेकंद वर धरले, तर गुण अधिक येतो : ब्रिटनमधील २०१५ च्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचे ठोके पूर्ववत झाले, नुसत्या फुंकण्याने १७ टक्के. डॉक्टरांकडून शिकून घेतल्यास हे घरीही करता येते. डोळे दाबण्याची जुनी पद्धत मात्र कदापि अवलंबू नये, आणि मानेची शीरही घरी चोळू नये.

निकड ठरते ती ठोक्यांच्या आकड्यापेक्षा रुग्णाच्या अवस्थेवरून. शुद्ध हरपत असेल, रक्तदाब कोसळला असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर औषधांची वाट न पाहता, शक्य तेथे गुंगी देऊन, ठोक्याशी जुळवलेला विजेचा झटका देतात. अशा वेळी तोच सर्वांत खात्रीचा उपाय असतो. त्यामुळे यांपैकी काहीही दिसल्यास फुंकण्यात वेळ न दवडता १०८ ला फोन करावा. रुग्ण निपचित पडला आणि श्वास थांबला किंवा नुसता आचके देऊ लागला, तर प्रश्न निराळा : १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब देत राहावे.

जाऊबाईंच्या बाबतीत आता सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्या दिवशी धडधड चालू असताना काढलेला ईसीजी. धडधड ओसरल्यावर काढलेला ईसीजी बहुधा निर्दोष येतो आणि निदान हुकते. रुग्णालयातून त्याची प्रत मागून घ्यावी आणि हृदयतालाच्या तज्ज्ञांना दाखवावी; वारंवार असे होत असेल, तर संदेश ज्या जादा मार्गाने गोल फिरतो, तो कॅथेटरने (शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) जाळून टाकता येतो आणि बहुतेकांची धडधड त्याने कायमची थांबते.