नामशेष झालेल्या महाकाय डुकरांचा मानवाच्या उत्क्रांतीच्या अभ्यासाशी काय संबंध?

संबंध अगदी थेट आहे, आणि तो एका दाढेतून जुळतो. पूर्व आफ्रिकेत कोल्पोकोइरस नावाची मोठ्या डुकरांची प्रजाती लाखो वर्षे नांदली. तिची तिसरी दाढ, म्हणजे आपण जिला अक्कलदाढ म्हणतो ती, काळाबरोबर बदलत गेली. आजच्या रानडुकराच्या या दाढेवर पुढे बोथट उंचवट्यांच्या दोन जोड्या आणि मागे एक आखूड भाग असतो. कोल्पोकोइरसमध्ये हा मागचा भागच नवनव्या उंचवट्यांनी लांबत गेला आणि दाढेची उंचीही वाढली. त्यांच्या आहारात गवताचा वाटा मोठा होता, हे दातांच्या एनॅमलमधील, म्हणजे बाहेरील आवरणातील, कार्बनवरून समजते. गवत दात झपाट्याने झिजवते, त्यामुळे मोठी दाढ उपयोगी पडली असावी. एनॅमल कठीण असल्याने अशा दाढा विपुल टिकल्या आहेत, आणि त्यांच्या आकारावरून त्या ज्या थरात सापडतात त्याचे वय अजमावता येते.

केनियातील तुर्काना सरोवराकाठच्या कूबी फोरा येथे ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. १९६९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकातील पोटॅशियमपासून काळाच्या ओघात तयार झालेला आर्गॉन वायू मोजून, त्याचे वय सुमारे २६ लाख वर्षे ठरवण्यात आले. १९७२ मध्ये केनियाचे पुरामानवशास्त्रज्ञ रिचर्ड लीकी यांच्या पथकाला या थराच्या खाली '१४७०' क्रमांकाची प्रसिद्ध मानवसदृश कवटी सापडली, तेव्हा साहजिकच ती त्याहूनही जुनी मानली गेली. मात्र जीवाश्मशास्त्रज्ञ बेसिल कुक यांनी तेथील डुकरांच्या दाढा इथिओपियातील ओमो खोऱ्यातल्या दाढांशी ताडून पाहिल्या. ओमोमध्ये थरांचा क्रम सलग असून त्यांची वये नीट ठरलेली होती, आणि कूबी फोराच्या दाढांशी जुळणाऱ्या दाढा तेथे जेमतेम २० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत मिळत होत्या.

वाद अनेक वर्षे चालला. राखेच्या नमुन्यांत जुन्या खडकांचे स्फटिक मिसळल्याने पहिले वय फुगले होते, हे पुढे उघड झाले आणि नव्या मोजमापांनी तो थर सुमारे १९ लाख वर्षांचा ठरला. प्रयोगशाळेतील आकड्याला डुकराच्या दाढेने दुरुस्त करावे, ही मला या सबंध शास्त्रातील सर्वांत विलक्षण घटना वाटते. '१४७०' कवटीचे वय आज सुमारे २० लाख वर्षे धरले जाते.