पळण्याआधी चालणे

प्रश्न : माझे वय ४४ असून शाळा सुटल्यापासून मी कधी पळालेले नाही. गेल्या आठवड्यात तळजाईच्या टेकडीवर दोन मिनिटांतच धाप लागली आणि दुसऱ्या दिवशी नडग्या दुखू लागल्या. आता पळणे सोडून द्यावे का?

उत्तर : मुळीच सोडू नका, आपण पहिल्याच दिवशी वेग फार धरलात, एवढेच. दम काही आठवड्यांत वाढतो, परंतु हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे) सरावायला त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि नवख्यांच्या नडग्या बहुधा त्यामुळेच दुखतात. दुखणे थांबेपर्यंत केवळ चालावे. त्यानंतर एक मिनिट पळणे व दोन मिनिटे चालणे असे २० मिनिटे, एक दिवसाआड करावे. पळताना सोबतच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग कमी करावा. मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.