परदेशातल्या पहिल्या नाताळाआधी

म्हापसा, गोवा

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये नोव्हेंबरपासूनच रस्तोरस्ती दिवे लागले आहेत, तरी घरात नाताळ आल्यासारखे वाटत नाही, असे तू लिहिलेस. तिथे सणाचा गाजावाजा आधी होतो आणि २५ तारखेला आगगाड्यासुद्धा बंद राहून प्रत्येक कुटुंब आपापल्या दाराआड जाते. आपल्याकडे मात्र त्याच दिवशी वाड्यावरची सगळी दारे उघडी असतात आणि कोणाच्या घरी ताट पोचवायचे राहिले तर नाही ना, याचीच घरच्या बाईला काळजी असते. तुला चुकल्याचुकल्यासारखे वाटते ते या येण्याजाण्यावाचून, असे माझे मत आहे, आणि बाजारातल्या सजावटीने ती उणीव भरून निघणार नाही.

म्हणून सगळा गोवा तिथे उभा करण्याच्या खटपटीत पडू नका. दोदोल तासन्‌तास घोटावा लागतो, तो नोकरी सांभाळून तुम्हा दोघांना जमायचा नाही. गूळ आणि नारळाच्या रसातला तो पदार्थ चांगला टिकतो, तेव्हा इथून येणाऱ्या कोणाबरोबर तरी मागवावा. बेबिंका, म्हणजे आपला थराथरांचा केक, करता येईल, कारण तिला वरून आच लागते आणि तुमच्या ओव्हनमधला ग्रिल नेमके तेच काम करतो. फक्त एक थर तांबूस झाल्याशिवाय दुसरा ओतू नये. पण एकच गोष्ट निवडायची असेल तर कुलकुले निवडा, कारण ती मुलांच्या हातची होतात. पिठाची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली की तिच्यावर शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. धाकटीची वाकडी झाली तरी तीही तळा आणि शेजाऱ्यांच्या ताटात घाला.

ते ताट मात्र चुकवू नका. चतुर्थीला हिंदू शेजाऱ्यांच्या नेवऱ्या आपल्याकडे येतात आणि नाताळात आपले ताट त्यांच्याकडे जाते, हे पाहतच तू वाढलास. तिथला शेजारी कोणत्या देशाचा वा धर्माचा आहे, याने काही अडत नाही. अंडी, सुकामेवा वगैरे कशात काय आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे, इतकेच.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून इथे नाचणी पेरतात; तिथल्या थंडीत त्यापेक्षा गहू बरा. दहाबारा दिवस आधी खिडकीशी रुजत घाला, आणि बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या रात्रीच गोठ्यात ठेवा, त्याआधी नको. गोठा ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत राहू द्या, बाहेरचे दिवे कधीही उतरोत.

एक गोष्ट मला विशेष कळकळीने सांगायची आहे. मुले आता तिथल्या शाळेत इंग्रजीतच नाताळची गाणी म्हणतील, तेव्हा घरातली प्रार्थना मराठीतच राहू द्या. तुम्ही राहता त्याच विल्टशर परगण्यात जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आला, इथली भाषा शिकला, आणि ख्रिस्ताची कथा त्याने मराठी ओव्यांत रचली. ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातच राशोलला छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्तजन्माचा प्रसंग आहे आणि तो आज देवनागरीत वाचायला मिळतो. त्यातल्या थोड्या ओव्या चोवीसच्या संध्याकाळी मुलांना मोठ्याने वाचून दाखव. अर्थ लावायला वेळ लागेल, पण आपल्या शेजारच्याच गावातला मनुष्य एवढ्या दूर येऊन आपल्या भाषेत हे लिहून गेला, हे ऐकल्यावर थोरला प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही, आणि तसे प्रश्न मला हवेच आहेत.

चोवीसच्या रात्रीची मिस्सा, म्हणजे नाताळची उपासना, कोणत्या चर्चमध्ये किती वाजता आहे आणि परतायला वाहन कोणते मिळेल, हे आजच विचारून ठेव. तुझ्या कामावर एकटा राहणारा कोणी गोंयकार असेल, तर २५ ला गाड्या नसतात हे लक्षात घेऊन त्याला आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला बोलाव. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण, दोन दिवस आधी करून ठेवा, ते मुरल्यावरच चांगले लागते.

तुझा,
जुना शिक्षक